गार ब्रेक

सिल्वासा,
६ फेब्रुवारी १९९४

प्रिय मंगेश,

अक्षर बघून दचकू नकोस. सव्वादोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एवढे कागद धाडतोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखशीलच. परवा तुझे वडील गॅरेजवर आले होते. गुरुजी फार थकलेत रे. वकिलाकडून आले होते, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग टायरच्या ढिगाकडे बघत त्यांनी सांगितलं, की एकवीस तारखेला तू कोर्टात गुन्हा कबूल करणार आहेस. माझा पाय उशिरा पडला, माझ्यामुळे माणूस मेला, मला काय ती शिक्षा द्या, असं आपल्या तोंडानं सांगणार आहेस. वकील नको म्हणतो, सूनबाई मनीषा पाया पडते, पण तू कोणाचं ऐकत नाहीस. आणखी एक सांगितलं त्यांनी. चिपळूणला गेल्यापासून तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस, आणि जेवायला बसलास तरी तुझा उजवा पाय जमीन दाबत असतो. मनीषानं पायावर हात ठेवला की थांबतो, काढला की पुन्हा सुरू.

म्हणून लिहायला बसलोय. आज रविवार, गॅरेज बंद आहे. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सुचेल तसं लिहितो, तू सांभाळून घे.

तू पहिल्यांदा आलास ते आठवतं का? एकोणनव्वद साल. भावेशशेठनं परदेशातून ती लाल दोन सीटची गाडी आणली होती आणि त्याच्या राखोलीच्या कारखान्यातली अर्धी पाळी काम सोडून फाटकावर बघायला उभी होती. शेठला शर्यतीचं वेड, पण हात नाही. दोन वेळा गटारात घातली. तिसऱ्या वेळी तुला घेऊन आला. मास्तरांचा पोरगा, चष्मेवाला, मी म्हटलं हा काय कपाळ गाडी चालवणार! आणि तू तिला पहिल्या फेरीत असा घेऊन गेलास की मी हातातला चहा प्यायचा विसरलो. गाडीला दटावत नव्हतास, तिचं ऐकत होतास. माझ्या अठरा वर्षांच्या गॅरेजात तसे पाय मी कोणाचे पाहिले नाहीत. हे तुला तोंडावर कधी बोललो नाही. आम्हा शिरपूरकडच्या लोकांना कौतुक करायला जिभेला काटे येतात.

मद्रासकडच्या ट्रॅकवर आपण चार वेळा गेलो. तिथली गाडी वेगळी आणि इथली वेगळी, हे मीच तुला शिकवलं. तिथे समोरून कोणी येत नाही, मधे गाय बसत नाही, बस थांबत नाही. रस्ता तव्यासारखा गुळगुळीत, म्हणून स्प्रिंग कडक चालतात, गाडी जमिनीला धरून वळते. तीच स्प्रिंग खानवेलच्या रस्त्यावर लावली तर प्रत्येक खड्ड्याला चाकं हवेत, आणि हवेतल्या चाकाला ना वळण कळतं ना ब्रेक. टायरचं तेच. आणि ब्रेकचं तर त्याहून अवघड. शर्यतीचे ब्रेक पॅड तापले की असे धरतात की छातीला पट्टा रुततो. पण गार असले की लाकडाचा ठोकळा लावल्यासारखे नुसते घासत राहतात. ट्रॅकवर त्याचं काही वाटत नाही, आधी एक फेरी तापवायला मिळते. रस्त्यावर ती फेरी कोण देणार? तेव्हा आपला नियम होता. गाडी ट्रॅकवरून आली की स्प्रिंग, टायर, पॅड तिन्ही बदलायचे, आणि मी 'रस्त्याची झाली' म्हटल्याशिवाय तू किल्लीला हात लावायचा नाहीस. तू तो नियम कधी मोडला नाहीस. एकदासुद्धा नाही.

एक्याण्णवच्या दसऱ्याचं आता सांगतो. ट्रकमधून गाडी उतरली तेव्हा अष्टमीची दुपार झाली होती. मद्रासच्या शर्यतीत तू तिसरा आला होतास, शेठ खुशीत, पेढे वाटत फिरत होता. त्याला दसऱ्याला गाडीची पूजा खानवेलच्या फार्महाऊसवर करायची होती आणि तिथून थाटात कारखान्याच्या पूजेला यायचं होतं. मी त्या दिवशी स्प्रिंग बदलल्या, टायर बदलले. अंधार पडला, पाठ धरली. पॅड राहिले. म्हटलं, सकाळी उठून आधी तेच करू. आणि सकाळी गॅरेजात आलो तर तुझ्या मंजुळावहिनीनं सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडलेली, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली. खंडेनवमी! माझ्या लक्षातच नव्हतं. तुला माहीत आहे, एकदा पूजेला मांडली की दसऱ्याची संध्याकाळ होईस्तोवर मी हत्यार उचलत नाही. माझ्या बापानं उचललं नाही, मी उचललं नाही. दोन मिनिटं पाटासमोर उभा राहिलो. मंजुळा म्हणाली, काही अडलंय का? मी म्हटलं, नाही.

मग काय केलं मी, ऐक. गाडी काढली, राखोलीपर्यंत गेलो आणि परत आलो. येताना बाजारात मुद्दाम दोनदा ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी उभी. माझ्या मनाचं समाधान झालं. अरे, तोपर्यंत पॅड तापले होते ना! सगळ्या जगाला गार आणि गरमचा फरक शिकवणारा मी, आणि मीच गाडी तापवून तपासली. परत आलो तर तू दारात उभा. तू विचारलंस, भिकादादा, रस्त्याची झाली ना? मी म्हटलं, हो.

एवढंच म्हटलं. पॅड राहिलेत, सांभाळून ने, सकाळी आधी चार वेळा ब्रेक दाबून घे, हे म्हणायला काय लागत होतं? काम अर्धं राहिलंय हे सांगायची लाज वाटली, दुसरं काही नाही. तू तापलेली गाडी घेऊन गेलास, खानवेलपर्यंत तुला काहीच जाणवलं नाही, म्हणूनच तुला आजही वाटतं की गाडी ठीक होती.

दसऱ्याला सकाळी माळ्यानं पाइप लावून गाडी धुतली. रात्रभर उभी, वर गार पाणी. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, शेठ शेजारी बसला आणि तू फाटकातून उतारावर निघालास. उताराच्या तळाला ते वळण आणि वळणावर बसचा थांबा. चिंधा तिथून सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. राखोलीच्या कारखान्यात हमाली करायचा, साक्रीकडचा. जंगलातून आपट्याच्या फांद्या तोडून आणल्या होत्या, कॅरिअरला बांधलेल्या. त्याच्या पुढचं तुला मी सांगायची गरज नाही. तूच त्याला मांडीवर घेऊन बसला होतास म्हणे, दवाखान्याची गाडी येईपर्यंत.

आता जे लिहितो ते वाचून हा कागद फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. दुपारी बाराच्या सुमाराला गाडी ओढून माझ्याकडे आणली. पोलीस म्हणाले, तपासणीचा साहेब सुट्टीवर आहे, परवा येईल, तोपर्यंत इथेच राहू दे. सगळे गेले. मी दार उघडून आत वाकलो. मंगेश, ब्रेकच्या पेडलची लोखंडी दांडी वाकली होती. बोटभर जाडीची दांडी, आतल्या बाजूला कमानीसारखी वाकलेली. तेवढा जोर लावायला माणसाला पेडलवर अंगाचा सगळा भार टाकून उभं राहावं लागतं. तू वरून खालपर्यंत त्या ब्रेकवर उभा होतास. तुझ्या पायाच्या घोट्याला सूज होती, डॉक्टरांनी अपघातात मुरगळला असं लिहिलं. तो अपघातात नाही मुरगळला रे.

आणि मी काय केलं? पाटाकडे गेलो. देवासमोरची फुलं बाजूला सारली आणि हत्यारं उचलली. ज्या हातांनी तुझे पॅड बदलायला आदल्या दिवशी नकार दिला, त्याच हातांनी हळदकुंकवासकट पाना धरला. शर्यतीचे पॅड काढले, रस्त्याचे बसवले. दांडी काढून ऐरणीवर ठोकून सरळ केली, काळा रंग मारला. मला कोणी सांगितलं नव्हतं. शेठनं नाही, कोणीच नाही. त्याला तर आजही काही माहीत नाही, तू जोरात चालवलीस हे तो मनापासून मानतो. मी नुसता भ्यालो. साहेब आला, पेडल दाबलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक बराबर आहे म्हणून लिहून गेला. पोलिसांनी आधीच लिहिलं होतं, रस्त्यावर चाक घासल्याची खूण नाही, म्हणजे ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला नाही. गार पॅड चाक अडवतच नाहीत, मग खूण उमटणार कुठून? दोन्ही कागद एकमेकांना जुळले आणि त्यांच्यामधे तू सापडलास.

चिंधाची बायको बायडाबाई तेव्हापासून माझ्याकडे झाडलोट करते. मीच बोलावलं. लोकांना वाटतं भिका किती मोठ्या मनाचा. दोन भाऊबीजा तिनं मला ओवाळलं. माझ्या कपाळाला कुंकू लावताना ती तुझ्या नावानं बोटं मोडायची, आणि मी पाटावर बसून ऐकायचो. तिची तरी काय चूक? तिला जो सांगितला तो वैरी तिनं धरला.

गुरुजी इथून परत गेले त्या संध्याकाळी मी आधी मंजुळाला सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, ताट वाढते आणि आत जाते. काल बायडाबाईला सांगितलं. मला वाटलं होतं झाडू फेकून मारेल, गाव गोळा करेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं उरलेलं अंगण झाडून पूर्ण केलं, कचरा भरला, आणि मग विचारलं, की दादा, मंग इतके दिवस मी त्या पोराला जे तळतळाट दिले ते आता कसे माघारी घेऊ? गॅरेज बंद असलं तरी अंगण झाडायला येते ती, आज आली नाही. उद्याही येईल असं वाटत नाही.

वकिलाला सकाळी त्याच्या घरी जाऊन सगळं लिहून दिलंय, सही केलीय. तो म्हणाला, भिकाभाऊ, पुरावा नष्ट केल्याबद्दल तुम्हाला आत टाकतील. म्हटलं, टाकू देत. एकवीस तारखेला तुझ्या आधी मी उभा राहणार आहे, तू फक्त कबुलीचा शब्द तोंडातून काढू नकोस. पण कोर्टानं तुला सोडलं तरी तू स्वतःला सोडणार नाहीस, तेवढा तुला मी ओळखतो. कोर्टाला कागद मिळाला, तुला काय मिळालं? वकिलानं सांगितलेलं तुला पटलं नसतं, वाचवायला बोलतोय म्हणाला असतास. म्हणून हे माझ्या हातानं तुला लिहायचं होतं. ती दांडी फक्त मी पाहिली आहे, दुसऱ्या कोणीच नाही, आणि मी मेलो असतो तर हे कोणालाच कळलं नसतं. जेवायला बसशील तेव्हा हे लक्षात ठेव. तुझा पाय उशिरा पडला नव्हता. तो वेळेवर पडला होता मंगेश, आणि तू पूर्ण दाबला होतास.

तुझाच, तू अजून म्हणू देत असशील तर,
भिका