अजून ठरलं नाही

३ मार्च

ब्लॉग सुरू करायचा. नक्की! म्हणजे जवळजवळ नक्की.

४ मार्च

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढच्या काचा बदलायच्या आणि एकच प्रश्न विचारायचा — आता बरं दिसतंय की आधी बरं होतं? लोक पटकन सांगतात. हेवा वाटतो. आज एका आजोबांनी उलट मलाच विचारलं, "तुला काय वाटतं पोरी?" मी म्हटलं, दोन्हींत काहीतरी आहे. मालक पडद्याआडून खाकरले.

६ मार्च

जेवताना घरात सांगून टाकलं. चूक झाली.

दादा — "तू? परवा टूथब्रशचा रंग ठरेना म्हणून हात हलवत परत आलीस!"

बाबा — "घाई काय आहे?" हे त्यांनी दादाच्या लग्नातही विचारलं होतं. मांडवात.

आत्या वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत होती. खाली न ठेवताच म्हणाली, "लिही. पण आधी मला दाखव."

संपलं!

लहानपणी मी सारखी आजारी. त्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आत्या, जेवणाचं टेबल आणि तिची तांबडी पेन्सिल. "'आणि'चा णि ऱ्हस्व, 'की' दीर्घ. झोपेत बरळलीस तरी शुद्ध बरळ." एकदा मी तिला वाढदिवसाचं पत्र लिहिलं. तिने सात चुका काढून परत दिलं. तेव्हापासून सामानाची यादीसुद्धा मी तीनदा वाचते.

९ मार्च

लेख झाला. विषय — आत्याच. तांबडी पेन्सिल, ते पत्र, सगळं. बरा उतरलाय, म्हणूनच पंचाईत. तिला दाखवला तर तांबडा होऊन परत येणार. न दाखवता टाकला तर चोरी. घरातली गोष्ट वेशीवर टांगणारी मी कोण? पण बदलला तर खोटा होईल.

१० मार्च

ब्लॉगला नाव. सुचलेली नावं चौतीस. खोडलेली चौतीस.

१२ मार्च

घोटाळा!! नावाचा रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाऊ देईना. म्हणून प्रामाणिकपणे लिहिलं — अजून ठरलं नाही. वाटलं, नंतर पुन्हा विचारतील. मग लेख जतन करायला म्हणून जे बटण दाबलं ते प्रकाशित करायचं निघालं! आता जगापुढे ह्या एवढाल्या ठळक अक्षरांत — "अजून ठरलं नाही". खाली लेख. लेखात आत्या.

काढून टाकायला गेले, तर विचारतो, "नक्की काढायचं?"

हे मला विचारायचं का!

१३ मार्च

विचार चालू आहे. तोवर सत्तावीस जणांनी वाचला.

दादा — "नाव झकास गं! कुणी सुचवलं? आत्यालाही पाठवून दिला."

वाळत घातलेले कपडे मी काढले. ओले होते. पुन्हा घातले.

१४ मार्च

आत्या गप्प. जेवताना मीठ मागितलं, तेवढंच. मीठ तिच्या समोरच होतं.

ती शांतता सोसेना, म्हणून मी नेहमीचं तुणतुणं लावलं — दुकानात ये ना, एकदा डोळे तपासू.

"मला सगळं स्वच्छ दिसतं. तुझ्या चुकासुद्धा."

ताट उचलून निघून गेली. वाचला असेल का? वाचला. नसेलही. आज लेख काढतेच. किंवा उद्या सकाळी.

१५ मार्च

लेखाखाली पहिली प्रतिक्रिया. आत्याची.

"लेख वाचला. काढू नकोस. त्या पत्रात चुका सहाच होत्या आणी सातवी माझी. पत्र परत द्यायला नको होतं."

चारदा वाचलं. रडले. मग पाचव्यांदा दिसलं — "आणी". णी दीर्घ! आत्याचा! टाकण्याआधी तिने तीनदा तपासलं असणार, आणि तरी दिसलं नाही.

तिला सांगणार नाही. दादाला तर मुळीच नाही.

मालकांना फोन केला. उद्या सकाळी दहाची वेळ घेतली, आत्याच्या नावाने. कुणालाच विचारलं नाही!