पावणेपाचची गाडी आणि तुमची भाची

केंदूर,
१२ सप्टेंबर २००२

ती. साहेबराव मामांस,

तुमची भाची सीमा हिचा वाकून जय भीम. गिताबाई मामींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? स्टँडवर दिवसभर भोंग्यातनं गाड्या पुकारून तुमचा घसा बसलाय असं कळलं. हळदीच्या गरम पाण्यानं गुळण्या कराव्यात आणि घसा जपावा (तो येत्या सोमवारी लागणार आहे, कशाला ते पुढं येईल). इकडं आई बरी आहे, दादा बरा आहे, शेळी व्याली, दोन्ही करडं बरी आहेत. एकटी मी तेवढी बरी नाही. ताप नाही, खोकला नाही. मला राग आलाय आणि तो उतरायचं नाव घेत नाही, म्हणून हे पत्र. राग आला की माझी भाषा कॉलेजातनं उठून गावाकडं पळते, तेवढं सांभाळून घ्यावं.

पहिल्यापासनं सांगते, म्हणजे मामींना वाचून दाखवताना तुम्ही अडखळायला नको. यंदा आमच्या कॉलेजनं विद्यार्थी विकास वर्ग काढला. फुकट. कॉम्प्युटर, इंग्रजी बोलणं, मुलाखत कशी द्यायची, स्पर्धा परीक्षा, नेतृत्व, सगळं एका छपराखाली. वेळ साडेचार ते साडेपाच. आणि केंदूरची गाडी पावणेपाचला. त्यानंतर थेट रात्रीची मुक्कामी, जिनं यायची आमच्याकडं एकाही पोरीला परवानगी नाही (मलाही नाही, आणि आईपुढं हा विषय काढायची माझी छाती नाही). म्हणजे आमच्या बाजूच्या आम्ही ज्या बारा-चौदा पोरी आहोत, त्यांचा विकास रोज फक्त सुरुवातीचा होतो. कॉलेजातला कॉम्प्युटर चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. आधी घरघरतो, मग काळा होतो, मग निळा होतो, आणि पडद्यावर काहीतरी दिसायला लागलं की आम्ही दप्तर उचलून स्टँडकडं पळतो. जूनपासनं मी कॉम्प्युटर फक्त उठताना पाहिलाय, काम करताना नाही. इंग्रजीचं तेच. मला इंग्रजीत माझं नाव, गाव आणि वडील काय करत होते एवढं फाडफाड सांगता येतं, त्यापुढं कुणी काही विचारलं तर मी गाडीला निघालेली असते. मुलाखतीच्या तासाला दार कसं वाजवायचं, आत यायची परवानगी कशी मागायची आणि खुर्चीवर कसं बसायचं एवढं झालंय. उद्या कुठल्या कंपनीनं बोलावलंच तर मी झकास आत जाईन, झकास बसेन आणि उठून निघून येईन.

त्यात गेल्या महिन्यात पुण्याहून एक पाहुणे आले, वेळेच्या नियोजनावर बोलायला. दुपारी तीनला यायचे ते तासभर उशिरा आले. मग त्यांचा हार, नारळ, शाल, मग प्राचार्यांनी त्यांची ओळख करून दिली, मग त्यांनी प्राचार्यांची स्तुती केली, तोवर आमची वेळ झाली. मी आणि सारिका (माझी मैत्रीण, आमच्याच गावची, सायन्सला आहे, तुम्ही तिला पाहिलंय, चष्मेवाली) वाकून वाकून दाराकडं सरकलो तर ते गृहस्थ माइकवरनं म्हणाले की बघा, ज्यांना वेळेची किंमत नसते ते असे मधेच उठतात. अख्खा हॉल हसला. मामा, त्या दिवशी मी गाडीत खिडकीकडं तोंड करून रडले. सारिका तर चिक्की खात खात रडली, तिला रागात भूक लागते.

तुम्हाला आठवत असेलच, तुमच्या नातवाच्या बारशाला मी हे सगळं तुमच्या कानावर घातलं होतं. म्हटलं मामा स्टँडवर कंट्रोलर, गाडी सोडायची शिट्टी मामाच्या तोंडात, एवढी एक गाडी तासभर उशिरा सोडायला कितीसा वेळ लागतोय. तवा तुम्ही भर मांडवात, पंगत बसलेली असताना, माझ्या हातात भाताचं ताट असताना हसलात आणि म्हणालात, “एका पोरीच्या सांगण्यावरनं गाडी हलत न्हाई, बाय. प्रतिनिधी हो, मागणी घिऊन ये, मग बघू.” पंगतीतले सगळे हसले. मामीसुद्धा हसल्या (त्यांना सांगा, मी विसरले नाही). मी पाहुण्यांना भात वाढत गेले. पण शब्द डोक्यात जाऊन बसला तो बसलाच.

आता गंमत बघा. आमच्याकडं वर्गात जो पहिला त्याला वर्ग प्रतिनिधी करायचा नियम आहे. मी पहिली आले, म्हणून मी झाले. सारिका तिच्या वर्गाची झाली. आणि आम्ही सगळे मिळून विद्यापीठ प्रतिनिधी निवडायचा, अख्ख्या कॉलेजचा पुढारी तो. मतं जेमतेम डझनभर. पण मामा, जिल्हा परिषदेला जेवढा धुरळा उडत नाही तेवढा त्या डझनभर मतांसाठी उडाला. उमेदवार दोन. एक सुमित, वीटभट्टीवाल्यांचा, खेळाडूंच्या जागेवरनं आत आलेला, ज्याच्याकडं जीप आहे आणि जो तिसऱ्यांदा दुसऱ्या वर्षाला आहे. दुसरे महेंद्रदादा, आपल्याच वस्तीतले, भाषण फार चांगलं करतात, तुमच्यासारखंच.

महेंद्रदादा घरी आले, चहा प्याले आणि आईला म्हणाले की सीमाचं मत मी धरूनच चाललोय, विचारायचं काय त्यात, घरचंच आहे. मी विचारलं, दादा, पावणेपाचच्या गाडीचं काय करणार? तर म्हणाले, ताई, गाडी ही किरकोळ बाब आहे, आधी आपण व्यापक परिवर्तनाचा विचार करू. मी म्हटलं, व्यापक परिवर्तन साडेचारला सुरू होत असेल तर मला त्यालाही थांबता येणार नाही. दादांना ते लागलं. चहा अर्धा ठेवून गेले (आईनं मला दिवसभर बोल लावला, चहासाठी, परिवर्तनासाठी नाही).

सुमितचं निराळंच. त्यानं सगळ्या मतदारांना जीपमध्ये कोंबून दुपारी शिक्रापूरच्या एका हॉटेलात नेलं. मिसळ, भजी, वर आइस्क्रीम. मी आणि सारिका का गेलो म्हणाल, तर मतदारांना गाडीबद्दल सांगायचं होतं, आणि मिसळही होती, खोटं कशाला बोलू. त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला गाडीची कटकट कशाला, तुम्हा पोरींना मी रोज माझ्या जीपमध्ये सोडतो. आमच्या घरच्या दादानं हे ऐकलं असतं तर जीप आणि सुमित दोघंही आज दुरुस्तीला असते. खाऊन झाल्यावर त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढली. आत खंडोबाचा बेल-भंडारा. एकेकानं उचलायचा आणि मत सुमितलाच म्हणून शपथ घ्यायची. पोरांनी पटापट उचलला. माझ्यापुढं पुडी आली. मी म्हटलं मी हे उचलत नाही. सुमितनं जरा विचार केला आणि अगदी मदतीच्या सुरात विचारलं, “मग तुमच्यात काय उचलत्यात?”

मामा, त्या ‘तुमच्यात’नं माझं डोकं असं सणकलं की हातातला आइस्क्रीमचा चमचा वाकला. मी म्हटलं, “आमच्यात पुस्तक उचलतात. आणि मग वाचतातसुद्धा.” सारिका उठली, मी उठले, आणि शिक्रापुरातनं वडापची जीप पकडून आम्ही घरी आलो. वाटेत दोघींनी ठरवलं की हे दोघं पुढारी आणि गाडी किरकोळ, असं असेल तर तिसरा अर्ज आपला. मी उभी राहिले. सारिका सूचक. आम्हाला खात्रीची मतं दोनच, माझं आणि तिचं.

आणि मी निवडून आले. हार घालून घेताना मलाच कळेना, म्हणून पोरांना खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं की ज्यांनी सुमितपुढं भंडारा उचलला होता, त्यातल्या बहुतेकांनी आदल्याच दिवशी महेंद्रदादांना आईची शपथ घालून शब्द दिला होता. ऐन मतदानाला सगळे घाबरले. सुमितला द्यावं तर आईचं बरंवाईट, दादांना द्यावं तर खंडोबाचा कोप. मग त्यांनी आपसात तोड काढली, की दोघांना सारखंच फसवलं तर देव आणि आई कुणाचीच बाजू घेणार नाहीत. म्हणून मत सीमाला. गाडीसाठी एकानंही दिलं नाही. मी अख्ख्या कॉलेजची पुढारी झाले ती बाकीच्यांच्या भित्रेपणावर, आणि याचाही मला राग आहे, पण खुर्ची मिळालीय तर बसून घेणार.

बसल्यावर प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले फार छान, मुलगी प्रतिनिधी झाली, आता स्नेहसंमेलनात पाहुण्यांना गुच्छ द्यायचं तुमच्याकडं. मी म्हटलं सर, स्नेहसंमेलन संध्याकाळी आहे, मी घरी असेन. मग रीतसर अर्ज केला, तुमच्या ऑफिसला, सही-शिक्क्यासह. आणि उत्तर आलं. ‘महोदया, पावणेसहा वाजता सदर मार्गावर पुरेसे प्रवासी नसल्याने आपली मागणी मान्य करता येत नाही.’ खाली सही तुमची. मामा, लहानपणी मला खांद्यावर घेऊन तुम्ही यात्रेत फिरला आहात, आणि मी महोदया? पावणेसहाला गाडीच नाही तर प्रवासी काय हवेत दिसणार? कुंपणच शेत खायला लागल्यावर आम्ही दाद मागायची कुणाकडं? बाजारात फुलं विकणाऱ्या साखरबाई आणि भाजीवाल्या बाया रोज आमच्याच गाडीला असतात. त्यांनाही विचारलं. म्हणाल्या, तासभर जास्त मिळाला तर उरलेला माल तरी खपंल, आम्हाला कुणी इचारलंच न्हाई. मलाही कुणी विचारलं नव्हतं. आमची पहिली परीक्षा तोंडावर आलीय, कॉम्प्युटरच्या वर्गात हजेरी पुरी नसेल तर नाव कापणार आहेत, आणि नाव कापलं की आई म्हणणार, मग कशाला जातीस तिकडं, बस घरी. तेवढं एक मला नको आहे.

असो. मोठ्यांना जास्त बोलू नये. मामींना नमस्कार, बाळाला पापा. राग मानू नये, तो सगळा माझ्याकडं आहे.

तुमचीच,
सीमा
(विद्यापीठ प्रतिनिधी)

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. येत्या सोमवारी चार वाजता आमचा मोर्चा स्टँडवर येतो आहे. तुमच्याच केबिनला घेराव आहे. पोरी, भाजीवाल्या, साखरबाई (घोषणा त्या देणार, त्यांचा आवाज तुमच्या भोंग्यापेक्षा मोठा आहे). सख्ख्या मामाला मुर्दाबाद म्हणायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलंय, नुसता निषेध म्हणायचं ठरलंय. महेंद्रदादांनी भाषण करायचं कबूल केलंय, आवरतं घ्यायला सांगितलंय. तुम्ही त्या दिवशी रजा टाकू नये. नाहीतर आम्ही कुणाला घेराव घालायचा?

ता. क. दोन. आईपण मोर्च्यात आहे. ती तुमच्या विरुद्ध नाही, फक्त गाडीच्या विरुद्ध आहे. येताना तुमच्यासाठी बोंबलाची चटणी आणि बाजरीच्या भाकरी आणणार आहे. घेरावात खाल्ल्या तरी चालतील.

ता. क. तीन. मुख्य मागणी राहिलीच. पावणेपाचला गाडी सुटते म्हणजे चारला आलेला मोर्चा आम्हाला अर्धवट टाकून पळावं लागेल, आणि आमचं सगळंच अर्धवट राहतं, निदान हे तरी पुरं होऊ द्या. म्हणून सोमवारच्या दिवशी ती गाडी पावणेसहापर्यंत उभी ठेवावी. एका पोरीच्या सांगण्यावरनं गाडी हलत नाही, हे तुम्हीच सांगितलंय मामा. मी तिला हलवा कुठं म्हणते आहे?