शंकूचे टोक

२ डिसेंबर, मंगळवार
खडूच्या खोक्याची पृष्ठे सहा, कडा बारा, शिरोबिंदू आठ — एवढे मान्य करण्यास चौथीच्या वर्गाने पाऊण तास घेतला! धर्मा नावाच्या पोराचा आक्षेप: खोके पोकळ आहे, मग आतली सहा पृष्ठे का सोडायची? मी झाकण लावून चिकटपट्टी मारली. तो म्हणाला, आत हायेतच की. सुटीची घंटा झाली म्हणून वाचलो.

वर्गशिक्षिका भाग्यश्रीबाईंनी फळ्यावर लिहिले होते: शिरोबिंदू म्हणजे टोक. ढिसाळ! चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसासमोर! खोडून लिहिले — कडा जिथे एकत्र येतात, तो शिरोबिंदू. बाईंचे म्हणणे, मुले लहान आहेत. व्याख्येला वय नसते.

४ डिसेंबर
शहापूरच्या गणित स्पर्धेसाठी वर्गातल्या जनीची निवड केली. पहिल्या क्रमांकाला तारांगणाची सहल. तिने रिबिनी आजच धुऊन वाळत घातल्या आहेत.

८ डिसेंबर
जनीने मला खळ्यावर शंकूसारख्या रचलेल्या पेंढ्याच्या उडवीपाशी नेले. शंकूची कड एकच, ती तळाशी गोल फिरते, असे तिने दाखवले. मग वर बोट करून विचारले, "टोकावर कुठली कड येते, सर? कुठलीच नाय. मग शिरोबिंदू शून्य."

धर्मा म्हणाला, टोचतो तरी शून्य?

"टोचणं व्याख्येत नाय," जनी म्हणाली.

प्रत्युत्तर शोधतो आहे.

९ डिसेंबर
सापडले नाही.

११ डिसेंबर
बाईंनी स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका दाखवल्या. शंकू दरवर्षी असतो. उत्तर ‘एक’ धरतात. माझ्या व्याख्येपायी मुलीची सहल जाणार! जनीला बोलावून सांगितले, ‘एक’ लिही.

"पण ते खरं नाय ना?"

स्पर्धेपुरते, असे मी म्हणालो. मी!

१३ डिसेंबर, शनिवार
जनीने ‘शून्य’ लिहिले. खाली कारणही दिले. एका गुणाने दुसरी आली. परतताना माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. सहल हुकल्याचे दुःख असावे.

१५ डिसेंबर
अनुमान चुकले. जनी तासाला आली नाही. धर्माने तिचा निरोप आणला: "सरांना सांग, एक का शून्य ते आदी ठरवा. मग येते."

सायंकाळी तिच्या पडवीत गेलो. शून्य, म्हणालो, आणि ‘एक’ लिहायला सांगितले, ती माझी चूक. तिने बसायला पाट दिला, स्वतः वही उघडली. टोकाची व्याख्या आता ती करणार आहे. मी ऐकणार आहे.