दीड सूत

बाबा, तुमच्या होडीला मी भोक पाडलं. तळाला, मागच्या बाजूला, शेवटच्या दोन फासळ्यांच्या मध्ये. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट लांबवलेली तुम्हाला आवडत नसे. तुम्ही असता तर करवत हातातून काढून घेतली असतीत आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नसतात. मशीनचा विषय निघाला की तुमचं ठरलेलं उत्तर असायचं, "मशीनच पाहिजे तर रिक्षा घ्या, स्टेशनापर्यंत तरी सोडील." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी करवत चालवताना मी दोनदा मागे वळून बघितलं. मागे नुसतं नदीकाठच्या काकांचं अंगण होतं आणि उन्हात वाळत घातलेला भात.

केलं ते आईसाठी. तुम्ही तिला एकदाच होडीत नेलं होतंत. बदलापूरच्या वर नदी रुंद होते तिथे वारा पडला आणि होडी जलपर्णीत रुतली. तुम्ही वल्ह्याने ती हिरवी गादी ढकलत राहिलात, आई पदर खोचून दुसऱ्या बाजूने हातांनी उपसत राहिली. दिवेलागणीला काठाला लागलात तेव्हा ती उतरली आणि म्हणाली, "हिला मशीन बसेल त्या दिवशी मी परत बसेन." तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं चिडलीय, निवळेल. शीड तिनेच शिवलेलं, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून घरी आणलेल्या कामातल्या जाड पिवळ्या दोऱ्याने, दुहेरी शिवण घालून. तरी ती पुन्हा बसली नाही. यंदा दिवाळीनंतर मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्यांच्या होडीत बसायचं राहिलंच गं. पुढच्या वर्षी हे गुडघे मला नदीचा उतार उतरू द्यायचे नाहीत." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. जे काही करायचं ते याच थंडीत, एवढं मला कळलं.

मोटर मागच्या फळीवर टांगता आली असती. पण पंख्यात जलपर्णी अडकली की पाण्यावर लोंबकळून ती काढावी लागते, आणि पन्नाशीला आलेल्या बाईने ते धाडस करू नये. म्हणून होडीच्या आतच, तळाला उघडी अशी एक उभी पेटी बसवायची आणि मोटर त्या पेटीतून खाली सोडायची. अडकलं काही, तर बसल्या जागेवरून मोटर वर उचलायची, मुळं सोडवायची, परत खाली. ज्यांच्या अंगणात होडी उपडी ठेवलेली असते त्या काकांना हे काही केल्या पटेना. "पोरी, भोक पारलंस तं बुरंल ना ती?" मी सांगितलं, काका, पेटीत पाणी येईल, पण बाहेर नदी जेवढी, तेवढंच चढेल आणि थांबेल. पेटीच्या भिंती त्याच्या वर आहेत. काका म्हणाले, "तुजा बापूस आसता तं त्याने तुला हानली आसती." तेही खरंच होतं.

तुमचं पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायची जागा, मला अजून दिसतं. अंबरनाथ एमआयडीसीत, भट्टीच्या मागे. मी सुट्टीत डबा घेऊन येते, आत पिवळ्या उजेडात लाकडाचा भुसा तरंगत असतो, आणि तुम्ही सागवानाचं एक चाक हातात घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत असता. तुम्ही लाकडाचं चाक करायचं, त्याचा वाळूत ठसा घ्यायचा, त्यात लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं करायचं. त्यासाठी तुमच्याकडे वेगळी पट्टी होती, जिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. घरच्या कामाची साधी पट्टी पत्र्याच्या पेटीत, ती दुसरी कामाच्या पिशवीत. "तिला हात लावायचा नाही," एवढंच तुम्ही म्हणायचात, आणि ते पुरायचं.

आठवीत होते, तुम्ही नुकतीच होडी बांधायला घेतली होतीत, तेव्हा एका रविवारी मी हात लावला. दोन्ही पट्ट्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य लावून. पहिल्या रेघा जुळलेल्या, मग हळूहळू एकमेकींपासून सरकत गेलेल्या, बाराव्या इंचाला जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अंतर. इतकी गंमत वाटली की तुमच्या चपला वाजल्या तेव्हाच भानावर आले. घाईघाईने एक पिशवीत घातली, एक पेटीत. झोपताना वाटलं की उलट तर झालं नाही? म्हटलं, उद्या बघू. उद्या बघायचं धाडस झालं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. पंपाचं झाकण आखूड निघालं, सगळं ओतकाम परत भट्टीत गेलं. तुम्ही पट्टी तपासलीत, पिशवीत साधी निघाली. घरी येऊन मोरीवर पाय धुता धुता आईला म्हणालात, "माझीच मी उलटी ठेवली. आता पट्ट्यासुद्धा ओळखू येईनाशा झाल्यात." मी भिंतीला टेकून भूगोल वाचत होते. त्यानंतर रिटायर होईपर्यंत तुमचा प्रत्येक पॅटर्न दुसरा कोणीतरी मोजून बघायचा. तुम्ही चष्मा केलात. चष्म्याची तुम्हाला काही गरज नव्हती, बाबा.

पेटी मी उल्हासनगरला फायबरचं काम करणाऱ्या एका सिंधी भाऊंकडून करून घेतली, तुमच्याच जुन्या नकाशावरून. दोन फासळ्यांत अठरा इंच, तुमच्या अक्षरात. भोक मात्र फासळ्यांना धरून कापलं. पेटी ठेवून बघितली तर एका कडेला फट. भाऊंना फोन केला, ते स्कूटर घेऊन आले, टेप लावला आणि म्हणाले, "दीदी, पेटी बराबर अठराच आहे. होडीच मोठी आहे तुमची. दीड सूत." मग मी टेप घेऊन सगळी होडी मोजली. रुंदी, लांबी, डोलकाठीचं भोक, बसायची फळी. सगळं नकाशापेक्षा तेवढ्याच हिशेबाने मोठं. तेव्हा लक्षात आलं की ते झाकण आखूड निघायच्या आधीच तुम्ही घरच्या पेटीत मी ठेवलेल्या त्या लांब पट्टीने होडीच्या फासळ्या कापल्या होत्या. चूक कळल्यावर त्या टाकून दिल्या नाहीत, उरलेली होडी त्याच पट्टीने पुरी केलीत, म्हणजे सगळं एकमेकांशी जुळेल. कोणाला बोलला नाहीत. मी फळीवर बसले आणि रडले. भाऊ बिचारे म्हणत राहिले, "अरे दीदी, लकडी की पट्टी टाकू, ऊपरसे फायबर मारू, टेन्शन कशाला?"

सागवानाची दीड सुताची पट्टी टाकली, वरून फायबर ओढला. आईला काका आणि मी खुर्चीत बसवून उतारावरून खाली नेलं. सकाळी पाण्यावर धुकं होतं, बगळे नुसते उभे होते, जलपर्णीला जांभळी फुलं आलेली. मशीनने हिरवळ ओलांडली, मग मी ते बंद केलं आणि शीड वर ओढलं. पिवळी शिवण अजून तशीच आहे. होडी आवाज न करता सरकू लागली. आई पेटीजवळ बसली होती. तिने पेटीत हात घातला आणि होडीच्या आत आलेल्या नदीत बोटं बुडवून ठेवली, बराच वेळ. म्हणाली, "गार आहे गं." इतकी वर्षं वाया घालवली आपण, असं मला वाटलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं.

हे पत्र कुठे जायचं नाही. वाचून दाखवावं असं एकच माणूस आहे, आणि तिलाही मी ते दाखवणार नाही. कारण पुढे वारा पडला, शीड लोंबलं, आणि आईची नजर फायबरखालून दिसणाऱ्या त्या सागवानी पट्टीवर गेली. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला ठिगळ लगेच दिसतं. "हे काय लावलंस मध्ये?" मी म्हटलं, "बाबांचं माप थोडं चुकलं होतं." तिने पट्टीवरून बोट फिरवलं. "शेवटी शेवटी चुकायचंच गं त्यांचं," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "किती मनाला लावून घेतलं होतं. रात्र रात्र डोळा नाही लागायचा. कारखान्यात त्या मापाच्या पट्ट्यांचं नक्की काय झालं होतं गं, तुला आठवतं?"

मी मोटरची दोरी ओढली. पहिल्या ओढीला लागली नाही, दुसऱ्यालाही नाही. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता, बाबा. आई माझ्याकडेच बघत होती. तिसऱ्या ओढीला मशीन लागलं, त्या आवाजात काही बोलणं शक्य राहिलं नाही, आणि मला बरं वाटलं.