दिवेलागणीचा प्रश्न

मधुरा,

१९५६ साली राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली आणि तुझ्या आजोबांची कचेरीही. आमच्याकडे दिवेलागणीला सासूबाई प्रत्येकाला विचारत, "आज मनात काय आहे?" मी म्हटलं, "मलाही भोपाळला जायचंय." त्या म्हणाल्या, "बोललीस ना, मन मोकळं झालं. आता कणीक मळ."

तूही रोज संध्याकाळी इथे येऊन तेच विचारतेस. काल मी सांगितलं, ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं हे घर सोडून तुमच्या फ्लॅटवर यायचं नाही. "बहुत अच्छा आजी, मनातलं बोललीस," म्हणालीस आणि माझी ट्रंक भरलीस.

ती मी रिकामी केली आहे. शेजारी इंदुताईंकडे बसले आहे. दूध तापवलंय. उत्तर ऐकायचं नसेल तर उद्यापासून विचारू नकोस.

सासूबाई गेल्या. आजोबा निवृत्त होऊन परतले, तेव्हा आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. मला तेव्हा इथे ठेवलं. आता मी इथेच राहणार.

आजी