पेटीत न मावलेली फख्रीताई

इस्फहान,
आबान महिना, डाळिंबं संपत आली

माझ्या मावशीची थोरली लेक, आमच्या सगळ्या घराण्याचं डोकं आणि (हल्ली) माझी डोकेदुखी, आदरणीय फख्रीताईस, धाकट्या मावसभावाचा म्हणजे इरजचा छातीवर हात ठेवून आणि मान खाली घालून सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? यझ्दच्या कोरड्या हवेत दुखणं कमी होतं म्हणतात, पण मग यझ्दची सगळीच म्हातारी माणसं कण्हत का असतात, हे मला आजवर कळलेलं नाही. रक्तदाब ठीक आहे ना? गोळी जेवणाआधी घेतेस ना? दारातल्या डाळिंबाला यंदा फळ किती आलं? इकडे सगळे खुशाल आहेत. नदीला पाणी नाही, पण ते तसं नेहमीचंच. तुझ्या शहलाच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचा इथला समारंभ छान झाला. अशा वेळी (गुडघ्यांमुळे का होईना) न आलेल्या माणसाला ‘तुझी जागा रिकामी होती’ असं कळवायची आपली रीत आहे. या खेपेला मात्र ते वाक्य लिहायला माझा हात धजत नाही. का धजत नाही ते तुला माहीत आहे. तू परवा फोनवर एवढंच म्हणालीस, “माझा हात छान काढलास, इरज,” आणि फोन ठेवलास. त्यानंतर माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. पूर्ण वाच. अर्ध्यात फाडलंस तर निदान तुकडे जपून ठेव. तुकडे जपण्याबद्दल मला पुढे काही सांगायचंच आहे.

सगळं सुरू झालं तुझ्या जावईबापूंपासून. (माझा दोष नाही असं मी म्हणत नाही. फक्त सुरुवात कुणी केली ते सांगतो.) सियामक इंजिनिअर असला तरी मनाने चांगला आहे. त्याने मला शहलासाठी चित्र सांगितलं, आपल्या जुन्या पद्धतीचं, बारीक कुंचल्याचं. बाग, कारंजं, गालिचा, त्यावर अख्खं कुटुंब. मी खूश झालो. सात-आठ महिने मांजराच्या केसांच्या कुंचल्याने एकेक पान रंगवत बसलो. तू फोनवरून सूचना देतच होतीस. नाक लहान कर, हनुवटी एकच दाखव, दुसरी दाखवायची गरज नाही. सगळं केलं. तुला डाव्या टोकाला डाळिंबाच्या झाडाखाली चहाच्या समोवारपाशी बसवलं, कारण तुझ्याशिवाय या घरात कुणाला धड चहा मिळालेला नाही. फिरोज्याच्या अंगठीचा हात पुढे करून तू शहलाला चहाचा पेला देते आहेस. ताई, खरं सांगतो, चित्रातलं सगळ्यात चांगलं माणूस तूच होतीस.

चित्र संपत आलं तसा सियामकचा तेहरानहून निरोप आला, की नुसतं चित्र नको, ‘देण्याजोग्या’ पेटीत हवं. तेहरानात म्हणे आता वस्तूपेक्षा पेटी बघतात. त्याने फोनवर नमुन्यांचे फोटो पाठवले. त्यांतल्या एका खोक्याचं झाकण लोहचुंबकाने आपोआप बंद होतं. एकात आतून मखमल, वर सोनेरी अक्षरांत नाव. एकाला तर आत दिवा. (झाकण उघडलं की चित्रावर उजेड. बंद केल्यावर तो विझतो की नाही, हे कुणीच सांगू शकलं नाही. त्या काळजीने मी दोन दिवस जेवलो नाही.) मी इस्फहानभर फिरलो. एका दुकानदाराने मला घड्याळाचं खोकं दाखवलं, दुसऱ्याने अत्तराचं. बाजारातल्या तिसऱ्याने चांगलं लांबरुंद खोकं काढलं, आतून चांदीचा कागद. मी विचारलं, चित्राला बरं आहे का? तो म्हणाला, “घ्या की आगा, दोन किलो गझ आरामात बसते यात!” मी म्हटलं, बाबा रे, माझी माणसं मिठाई नाहीत. तो म्हणाला, “मग वर थोडा पिस्ता शिंपडा.” हे आपल्या गावाचे लोक! आणि प्रत्येक खोकं चित्राहून मोठा तोरा मिरवणारं. नाकापेक्षा मोती जड. एवढे महिने डोळे फोडून काढलेल्या चित्राला असल्या खोक्यात कोंबणं माझ्या जिवावर आलं.

म्हणून मी सफरअलीकडे गेलो. आमचा सफरअली तुला आठवत असेलच. तुझ्या लग्नातली दागिन्यांची पेटी त्याच्याच हातची. लाकूड, हाड आणि पितळ यांच्या काड्या एकत्र बांधून, त्यांच्या चकत्या कापून चांदण्या जडवतो, तो. माझी सगळी चांगली चित्रं त्याच्याच पेट्यांतून बाहेरगावी गेली. मी म्हटलं, उस्ताद, एक पेटी हवी. तो म्हणाला, “नको रे इरज. डोळे गेले. दुसरीकडून घे.”

आता ताई, तूच सांग, आपल्यात असं कुणी म्हटलं तर काय करतात? टॅक्सीवाला भाड्याला ‘तुमच्यापुढे किंमत काय त्याची’ म्हणतो, म्हणून आपण पैसे न देता उतरतो का? पाहुणा ‘भूक नाही’ म्हणाला म्हणून ताट आत नेतो का? तीनदा नको म्हणायचं, तीनदा आग्रह करायचा, चौथ्यांदा दोघांनी बसून जेवायचं, ही रीत. मी आग्रह केला. म्हटलं, इस्फहानात दुसरा आहे कोण? तो म्हणाला, हात थरथरतात. मी म्हटलं, तुझे थरथरते हात दुसऱ्याच्या स्थिर हातांना भारी. तो म्हणाला, चुकलं तर? मी म्हटलं, तुझी चूकसुद्धा मी डोक्यावर घेईन. (शब्द किती सहज निघतात बघ.) शेवटी त्याने मापाचा पुठ्ठा माझ्या हातातून घेतला. एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. रीत म्हणून नाही म्हणणारा माणूस हसतो आणि हात छातीवर ठेवतो. तो हसला नव्हता, आणि त्याचा हात गुडघ्यावरच होता.

समारंभाच्या आदल्या सकाळी पेटी घेऊन तो स्वतः माझ्याकडे आला. पेटी देखणी होती, खोटं कशाला बोलू. दोन-चार चांदण्या वाकड्या होत्या, पण आकाशातल्या तरी कुठे सरळ असतात? मी ‘तुझे हात कधी न दुखोत’ वगैरे सगळं म्हटलं. तो म्हणाला, “चित्र ठेवून बघ ना.” मी म्हटलं, कडेचा रंग अजून ओला आहे. (नव्हता. मला पेटी बघताक्षणीच शंका आली होती.) तो बसला. एक चहा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या चहाची साखर दातांत धरून तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग उठला आणि गेला.

तो गेल्यावर मी चित्र ठेवून बघितलं. पेटी दोन बोटं कमी. मी चित्र सरळ ठेवलं, उलटं ठेवलं, तिरकं ठेवलं. पेटीला विनवण्या केल्या. बायकोने आत येऊन विचारलं, लाकडाशी कुणाचं भांडण चाललंय? ती म्हणाली, त्याला परत नेऊन दे, मोठी करून देईल. पण परत नेणं म्हणजे काय, ते तिला कसं सांगू? ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढी चूक केली नाही, त्याला जाऊन सांगायचं, की तुझी दोन बोटं चुकली, आता तुझं संपलं? आणि दुसऱ्या खोक्यात घालावं, तर समारंभाला तोही येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी सोन्याचा वर्ख कापायची सुरी घेतली आणि विचार केला, उजव्या कडेला सियामकची आई आहे, ती गेली तर जन्मभर शहलाला ऐकून घ्यावं लागेल. वर आकाश आहे, पण कमी पडतं ते आडवं. राहिली डावी कड. ताई, मी तुला कापलं. तू माझी आहेस, समजून घेशील, असं म्हणत कापलं. आपल्या माणसालाच आपण कापतो, ही आणखी एक रीत आपली.

पुढचं तू शहलाने पाठवलेल्या फोटोत बघितलंस. घाईत सुरी सरळ चालली आणि पुढे केलेला तुझा हात चित्रात राहून गेला. आता चित्रात कडेवरून एक हात येतो, अंगठीसकट, आणि शहलाला चहा देतो. सियामकने विचारलं, मामा, हा कुणाचा? माझ्या तोंडून निघालं, “जुनी पद्धत आहे. आतिथ्याचं प्रतीक.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तेहरानच्या एका बाईंनी तर डोळे पुसले. सियामकच्या आईने दोनदा विचारलं, फख्रीखानम दिसत नाहीत ते? मी म्हटलं, त्या चहा करताहेत.

पण ताई, तू रागावलीस याचं मला जेवढं वाईट वाटतं, त्याहून वाईट वाटण्यासारखं पुढे आहे. पेटी हातोहात फिरत होती, लोक सफरअलीचं कौतुक करत होते आणि तो बशीतल्या काकडीची साल काढत बसला होता. चित्र त्याच्यापर्यंत आलं. त्याने डोळ्यांजवळ नेलं नाही, फक्त चारही कडांवरून अंगठा फिरवला. मग ते शेजारच्याला दिलं. संध्याकाळी आम्ही दोघं पुलापर्यंत चालत गेलो. तिथे तो म्हणाला, “तू कापलंस.”

मी म्हटलं, काय?

“चित्र. तीन बाजूंना काठाची सोन्याची रेघ बोटाला लागली. चौथीला नाही.” आणि मग म्हणाला, “पेटी लहान झाली, हे मला घरीच कळलं होतं रे. तुझा पुठ्ठा आत जाईना. म्हणून तर तुझ्याकडे बसून राहिलो, गाढवा, तीन-तीन चहा पीत. वाटलं, इरज आता चित्र ठेवून बघेल, दोन शिव्या घालेल, म्हणेल, म्हाताऱ्या, पुरे झालं, लाव दुकानाच्या फळ्या. बायकोचं मी ऐकत नाही, मुलांचं ऐकत नाही. तुझं ऐकलं असतं.”

मी म्हटलं, मग तू का नाही बोललास?

तो म्हणाला, “मी तर पहिल्याच दिवशी बोललो होतो.”

ताई, भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर भिडेपायी मी एक चित्र घालवलं, एक बहीण घालवली, आणि ज्याचं मन राखायला हे सगळं केलं त्याला एकटं पाडलं. त्याने आयुष्यात एकदाच माझ्याकडे काही मागितलं होतं आणि मी ते रीत समजून उडवून लावलं. त्या दिवसापासून मला याचं फार वाईट वाटतं. रंग घोटायला बसतो आणि तसाच उठतो. रागावायचा तुझा हक्क आहे. फक्त तुझ्यावरचं माझं प्रेम कमी झालं म्हणून तू कडेला गेलीस, असं मनात आणू नकोस.

तुझ्यावरून जीव ओवाळून टाकणारा,
तुझा (अजूनही असलो तर) धाकटा भाऊ,
इरज

ता. क. सोबत गझचा डबा पाठवतो आहे. तो अर्धा का आहे ते विचारू नकोस. पत्र लिहायला वेळ लागला.

ता. क. दुसरा. कापलेली पट्टी सुखरूप आहे. तू, समोवार आणि अर्धं डाळिंबाचं झाड. हात मनगटापर्यंतच आहे, पण नाक अगदी सांगितल्याइतकं लहान आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. सफरअलीने ती पट्टी माझ्याकडून नेली आहे. म्हणतो, बाई माझ्यामुळे गेल्या, त्यांना मीच घरी पोचवतो. तिच्यासाठी एक लहानशी पेटी करतो आहे. या वेळी पट्टीचं माप मी धरलं, तो खुणा करत गेला. ही शेवटची, असं तो म्हणतो. पण शेवटची कशी झाली, हे कुणीतरी खरं सांगितल्याशिवाय दुकानाच्या फळ्या लावणार नाही, असंही म्हणतो. माझ्यावर आता त्याचा विश्वास नाही. तुझ्या जिभेला मात्र सगळं यझ्द घाबरतं. तेव्हा पेटी आली की झाकण लावून बघ. अडकलं तर त्याला ‘हात न दुखोत’ वगैरे लिहू नकोस. झाकण अडकतं, असं लिही. आणि नीट लागलं, तर तेही लिही. पण तीन वेळा लिही, ताई. पहिल्या दोन वेळा तो रीत समजेल.