शाळेच्या ओट्यावरची सही

नाना, काल शेजारचा मुलगा एक कागद घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या बाई महिनाभर अंथरुणाला खिळून आहेत, आणि त्यांच्या पेन्शनसाठी त्या हयात असल्याचा दाखला हवा होता. कागदावर आधीच छापलेलं होतं, ‘मी यांना आज समक्ष पाहिले आहे.’ खाली सहीची जागा. मुलगा चांगला आहे, माझ्या गुडघ्यांची त्याला काळजी. म्हणाला, “काकू, तुम्ही कशाला जिने चढताय, इथंच करा सही. आज्जी आहेत ना, मी आत्ताच बघून आलो.” मी काठी घेतली आणि जिना चढले. अर्धा जिना झाल्यावर दम लागला, तिथंच बसले, पुन्हा उठले. बाई झोपल्या होत्या. श्वास चालू आहे हे पाहिलं, मग सही केली. मुलगा हसून म्हणाला, “काकू, तुमचा फारच काटेकोर कारभार.” त्याला काय सांगणार? खाली आले आणि तुमची आठवण अशी उसळली की संध्याकाळचा दिवाही लावला नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही. तुमच्या ओळखीचं उस्मानाबाद आता धाराशिव झालं, एवढं पुष्कळ.

पोलीस ॲक्शन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुलूख नवा, कायदे नवे, माणसं तीच. तुम्ही उर्दूत शिकवायचं सोडून मराठीत शिकवू लागला होता आणि बेरीज-वजाबाकीला अजून मधेच ‘जमा-तफरीक’ म्हणायचात, पोरं हसायची. गावात शाळेचे गुरुजी म्हणजे सगळ्यांचे पंच. भिंत पडली, बैल चोरीला गेला, कुणी विहिरीत सापडलं, की पंचनाम्यावर दोन भल्या माणसांच्या सह्या लागत, आणि भला माणूस शोधायला लांब कशाला जा, तुम्ही होताच. आणि रीत काय होती तीही सांगून टाकते, कारण नंतर लोक असं बोलू लागले की जणू तुम्ही एकट्यानंच काही आगळं केलं. कागद शाळेत यायचा. तुम्ही ओट्यावर उभं राहून वाचायचात, सही करायचात, आणि आत जाऊन पाढे पुढं चालू. पडलेली भिंत बघायला कोण जातंय? सगळेच असं करायचे. कारकुनाचा वेळ वाचायचा, पंचाचा वाचायचा. त्यात पाप आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्या दिवशीचा कागद भिंतीचा नव्हता. वस्तीवरच्या एका मेंढपाळाला चोरीच्या संशयावरून चौकीत नेलं होतं. देवळातली समई गेली होती, आणि तो आदल्या दिवशी देवळामागं मेंढरं घेऊन बसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. ‘त्यानंच नेली, सगळ्या गावाला ठाऊक आहे,’ असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतून त्याचं प्रेत बाहेर आलं. चौकीच्या जमादारानं मारलं, हेही मग सगळ्या गावाला ठाऊक झालं. दवाखान्यातले डॉक्टर रजेवर, उन्हाळा असा की प्रेत ठेवता येईना. दुपारी तहसिलीचा म्हातारा कारकून येऊन पंचनामा लिहून गेला आणि दिवस मावळायच्या आत पोलीस पहाऱ्यात सरण पेटलं. बायकोला तोंड तेवढं दाखवलं, बाकी घोंगडीत गुंडाळलेलं होतं. म्हणजे त्या पाठीवर काय होतं हे सांगणारा पुढं एकच साक्षीदार उरला, तो कागद. आणि कागदाखाली दोन सह्या, एक गावातल्या वाण्याची आणि एक तुमची. कारकून आधी आपल्या घरी आला होता आणि मग शाळेत गेला. घरी काय झालं ते मी पुढं सांगणार आहे, टाळत नाही.

तुम्हीच आईला संध्याकाळी सांगितलंत, कारकून कागद वाचून दाखवताना म्हणाला होता, “गुरुजी, पाठ बघवत नाही हो. अल्ला कसम, जनावराला कुणी असं मारत नाही.” कागदात एकेक वळ लिहिला होता, कुठला किती बोटं लांब. इमानानं लिहिला होता. तुम्ही सही केली आणि घरी आलात, कारण घरी पाहुणे यायचे होते. मला बघायला. आईनं शिरा केला होता, मी तिची नारायणपेठी नेसले होते, आणि तुम्ही इतके गप्प बसलात की मुलाच्या वडलांना वाटलं गुरुजी फार मानी दिसतात. तरी जमलं. त्याच घरात मी पुढं पन्नास वर्षं नांदले.

खटला उभा राहीपर्यंत माझं लग्न होऊन मी दिवसांची माहेरी आले होते. तोवर वाणी वारले होते. तुम्हाला दम्यानं धरलं होतं, आई म्हणाली सोबत जा, म्हणून पोटुशी असून मी तुमच्याबरोबर तुळजापूरवरून उस्मानाबादची मोटार धरली. ती चौथी का पाचवी तारीख. दर तारखेला वस्तीवरची माणसं भाकरी बांधून यायची, कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली दिवसभर बसायची, आणि ‘पुढची तारीख’ ऐकून परत जायची. कधी वकील नाही, कधी जमादाराला ताप. त्या दिवशी गावातली दुकानंही बंद ठेवून लोक आले होते. एक म्हातारा माझ्या शेजारी बसून तंबाखू मळत म्हणाला, “ह्याच्यापरीस निजामाची कचेरी बरी व्हती म्हनायची पाळी आली, पोरी. तितं निदान एका दिसात कळायचं, न्याव हाय का न्हाय.” हे ऐकून कुणी हसलं नाही.

सरकारी वकील तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, विचारतील प्रेत पाहिलं का. ‘पाहिलं’ म्हणा आणि मोकळे व्हा. जखमा तर खऱ्याच आहेत.” आणि मग ती आली, त्या मेंढपाळाची बायको. माझ्याच वयाची असेल. तिनं तुमच्या पायांवर डोकं ठेवलं नाही, हात जोडले नाहीत. नुसती समोर उभी राहिली. “गुरुजी, मला तोंडच दावलं व्हतं. तुमी समदं बगितलंय. लई न्हाय, येवढंच सांगा, काय बगितलं त्ये.” तुम्ही तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तुम्ही आत जाऊन काय ते नीट सांगणार. मला खरंच तसं वाटलं.

तुमच्या आधी कारकुनाची साक्ष झाली. मी दाराशी बाकावर बसले होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, सांगितलं तसं लिहिलं, प्रेत लांबून बघितलं, आता याद नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं त्याचं, माणूस तरी काय करणार. मग तुम्ही. जमादाराचा वकील अगदी अदबीनं बोलला, “गुरुजी, आपण प्रेत स्वतः पाहिलंत?” आत इतकं शांत झालं की तुमचा दमा ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, “नाही. मी शाळेच्या ओट्यावर सही केली.” बाहेर खिडकीशी उभ्या माणसांत कुजबुज झाली. वकिलानं विचारलं, “का? चौकी तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. यायची गरज नाही असं कुणी सांगितलं होतं का?” “कुणी नाही,” म्हणालात. “मीच गेलो नाही. कसूर माझी.”

बाहेर आलात तेव्हा कुणीतरी तुमची टोपी उडवली. कुणी मारलं नाही, टोपी तेवढी. तुम्ही वाकून उचलली, मांडीवर झटकली आणि घातली. “गुरुजीला किती दिलं इचारा,” असं मागून एकजण म्हणाला. ती बाई मात्र लिंबाला टेकून बसली होती, तशीच बसून राहिली. मी तिच्यासमोरून गेले तेव्हा माझी नजर माझ्याच चपलांवर होती.

परतीच्या मोटारीत मी तुम्हाला बोलले. बापाला असं कुणी बोलत नाही, पण बोलले. एक ‘हो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? खोटं थोडंच झालं असतं? जखमा होत्या ना? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, “होत्या असं ऐकलंय. बघितल्या नाहीत.” मी म्हटलं, सगळ्या जगाला ठाऊक आहे. तेव्हा तुम्ही माझ्याकडं वळलात. “जगाला तर हेही ठाऊक होतं की समई त्यानंच नेली. त्यावरच त्याला धरला. आता मीही न बघता ‘बघितलं’ म्हणू? मग जमादारात न् माझ्यात फरक काय, हातात काठी नाही एवढाच?” मग खोकल्याची उबळ आली आणि पुढचं बोलणं राहिलं. मला राग इतका आला होता की मी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. शेजारच्या बाईनं केला.

जमादार सुटला. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं म्हणे, हा साक्षीदार विश्वासाचा आहे, आणि म्हणूनच पंचनामा विश्वासाचा नाही. हे वाक्य तुम्हाला कुणी कौतुकानं सांगितलं तर तुम्ही उठून आत जायचात. वस्तीवरची पोरं शाळेत यायची बंद झाली. दूध घालणारी बाई येईनाशी झाली. मी सासरी परतले, पण आईच्या पत्रांतून कळायचं, तुम्ही वस्तीवर गेला होता, उंबऱ्याबाहेर उभे राहिलात, त्या बाईनं पाणी दिलं पण बसा म्हटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेलात. आणि तेव्हापासून पंच म्हणून बोलावणं आलं की तुम्ही वर्ग सोडून जायचात. साप चावलेलं पोर, विहिरीत तीन दिवस राहिलेली बाई, कुणी कुणी. जवळ बसून, चष्मा लावून, सगळं बघायचात, कारकुनाला घाई असली तरी. मग विहिरीवर अंघोळ, आणि त्या दिवशी जेवण नाही. आई वैतागायची. लोक म्हणायचे, बैल गेला आणि झोपा केला. खरं होतं ते. तरी तुम्ही जातच राहिलात. मी त्याला तुमचा हेकटपणा म्हणत आले.

आता ते घरचं. त्या दुपारी कारकून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला तेव्हा आई न्हाणीत होती. मी दारात गेले. तो म्हणाला, “गुरुजी शाळेत आहेत का? चौकीवर यायचंय, मयताचा पंचनामा आहे.” माझे केस ओले होते, चुलीवर शिरा होता. मला एवढंच सुचलं, नाना मढ्याला बघून येणार, विटाळ होणार, पुन्हा अंघोळ, उशीर, आणि पाहुण्यांना कळलं की अपशकुन म्हणून उठून जाणार. हे माझं तिसरं स्थळ होतं, नाना. पहिली दोन मोडली होती. मी म्हटलं, “चाचा, आज त्यांना तिकडं नेऊ नका. घरी पाहुणे यायचेत मला बघायला. सहीच हवी ना, ती शाळेतपण होईल.” तो म्हातारा हसला. “बरोबर आहे बेटा. शुभ काम आहे. मी कागदच नेतो शाळेत.” आणि गेला. मी शिरा ढवळला.

हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. पण कोर्टाच्या दिवशी सकाळी, आपण लिंबाखाली उभे होतो तेव्हा तो कारकून आला, तुम्हाला आदाब केला आणि माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, “बेटीचं त्याच जागी जमलं म्हणायचं. त्या दिवशी पाहुणे यायचे होते, मला चांगलं याद आहे.” तासाभरानं त्याच माणसाला पाठीवरचं काही याद नव्हतं. तुम्ही टोपी नीट करत दुसरीकडं बघत होता. आणि मग आत जाऊन, शपथेवर, ‘कुणी नाही’ म्हणालात. त्या सगळ्या खटल्यात तुम्ही एवढं एकच खोटं बोललात. आणि संध्याकाळी मोटारीत मी तुम्हाला विचारत होते, एक ‘हो’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं.

त्यानंतर तुम्ही पुष्कळ वर्षं होता. उन्हाळ्यात मी यायची, तुमची औषधं काढून द्यायची, पायाला तेल लावायची. घरात आपण दोघंच असायचो, आई देवळात. विचारायला हवं होतं एवढंच, की कारकून शाळेत आला तेव्हा तुम्ही चौकीवर जायला उठला होता का? टोपी घातली होती का? त्यानं माझा निरोप सांगितला, आणि मग तुम्ही थांबलात का? कित्येकदा ओठांवर आलं होतं. कोर्टात तुम्ही माझ्यासाठी वेळ निभावलीत, पण घरी मला तुम्ही खरं तेच सांगितलं असतंत, म्हणून विचारलं नाही.